दगडीपाला आणि टीडीची लस

आळंदीत इंद्रायणीच्या काठाला, मरकळ किंवा चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला एक बुटकी वनस्पती हमखास दिसते. लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळे, कडेला फिकट पाकळ्या. कुणी तिला एकदांडी म्हणते, कुणी दगडीपाला. सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली ही वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. पण खरचटले की तिचा पाला चुरगळून लावायचा, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते.

हा समज अगदीच निराधार नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत पाल्याच्या अर्काचा जखम भरण्यास उपयोग दिसला आहे. मात्र प्रयोगशाळेतला अर्क वेगळा आणि गुरे बसतात तिथून खुडून तळहातावर चोळलेला पाला वेगळा. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात. खोल, अरुंद, हवा न लागणारी जखम त्यांना मानवते. पाला लावल्यावर रक्त थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. जबडा आखडू लागतो तो बहुधा तीन दिवस ते तीन आठवड्यांनी. तोवर जखम विसरलेलीही असते.

दोष झाडाचा नाही, लस राहून जाण्याचा आहे. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस मिळते, गरोदर बाईलाही मिळते. सोळा वर्षांपुढच्या पुरुषाला मात्र कुणी विचारत नाही. वर्कशॉपमध्ये पत्र्याने हात कापलेला कंत्राटी कामगार रोजंदारी बुडेल म्हणून दवाखान्यात येत नाही. कामावर घेताना आधार कार्ड मागणाऱ्या ठेकेदाराने लसीची तारीखही विचारायला काय हरकत आहे?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीबरोबर निघणाऱ्यांत मधुमेहीही असतात. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा रुतलेला कळतही नाही. अशा पायाला पाला बांधून पुढे चालणे म्हणजे बोट, कधी पाऊलही गमावण्याची तयारी. मुक्कामाला पोचल्यावर दुसऱ्याकडून तळवे पाहून घ्यावेत.

जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवावी, स्वच्छ कापड दाबून धरावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खोल किंवा मातीने माखलेली जखम असेल आणि मागचा डोस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर टीडी पुन्हा घ्यावी लागते. पूर्वी लस घेतल्याचे आठवतच नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी लसीबरोबर वेगळे इंजेक्शनही लागू शकते.