शॉकअप बदलताना मागच्या सीटला विचारा

लखनौच्या आलमबागेत कानपूर रोडने मोटार चालवणार्‍याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग हा तिचा पहिला टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून वरून जाणार्‍यांच्या पोटातले पाणीही हलत नाही. खालून जाणार्‍यांचे सुख वेगळे. खांबांच्या रांगेतून वळण घ्यायचे, ई-रिक्षांच्या गर्दीत गिअर बदलत राहायचे आणि मुख्य रस्ता सोडून वस्तीत शिरले की गतिरोधकांशी गाठ. गतिरोधक कसा असावा याचे माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिले आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने तो विनात्रास ओलांडता यावा. आपल्या गल्लीतला सिमेंटचा तो अरुंद उंचवटा, मग गल्ली लखनौची असो की नागपूरची, या मापात बसतो का ते ज्याचे त्याने पाहावे.

अशा रस्त्यांवर रोज कचेरी, शाळा आणि बाजार करणारी गाडी काही वर्षांतच बोलू लागते. आधी खडखड, मग धाडधाड. घरातला मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, सस्पेन्शन नवे टाकू या, गाडी जराशी उंचही करून घेऊ.’’ बाबा विचारतात, ‘‘खर्च किती?’’ मागे बसलेल्या आजी काहीच बोलत नाहीत. खड्डा दिसला की त्या फक्त दारावरचे कडे घट्ट धरतात. खरे तर या प्रश्नात पहिला कौल त्यांचा हवा. चालकाच्या हातात आधाराला स्टिअरिंग असते, खड्डा येणार हे त्याला आधी दिसते आणि तो बसतोही पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध. मागची सीट जवळजवळ मागच्या आसावरच असते, म्हणून तिथे धक्का न सांगता येतो आणि पूर्ण येतो. तरीही शॉकअप कोणते घ्यायचे हे बहुतेक घरांत पुढे बसणाराच ठरवतो.

गंमत अशी की, सार्‍या देशाच्या रेल्वे डब्यांच्या धक्क्यांचा विचार आलमबागेच्या शेजारीच होतो. मानकनगरला रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, १९५७ पासून आहे. आलमबागेतच उत्तर रेल्वेची डबे-वाघिणींची कार्यशाळाही आहे. नव्या बनावटीचा डबा प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वी आरडीएसओ तो रुळांवर पळवून त्याची आंदोलने मोजते. तो रिकामाही पळवला जातो आणि भरलेलाही, वेगवेगळ्या वेगांनी. मोजणारी यंत्रे डब्यात बसवलेली असतात. इंजिनाच्या चालकाला ‘कसे वाटले’ असे विचारून काम भागत नाही. घरच्या गाडीसाठी इतकी यंत्रे कोणी आणणार नाही, पण रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही परीक्षा घेण्याची ही पद्धत उचलायला पैसे पडत नाहीत.

खरेदीला निघण्यापूर्वी गाडीच्या पोटात काय चालते ते थोडक्यात समजून घ्यावे. स्प्रिंग गाडीचे वजन तोलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती परतही करते. एकटी स्प्रिंग असेल तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ झोके घेत राहील. हे झोके आवरणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, ते बारीक झडपांतून ढकलले जाते आणि झोक्याची शक्ती उष्णता बनून निघून जाते. म्हणूनच स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी एकमेकांना शोभणारी हवी. बर्‍याच घरगुती गाड्या सेकंदाला साधारण एक ते दीड झोका घेतील अशा बेताने बांधलेल्या असतात. बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त जाचतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे. गाडी नको तितकी कडक केली की पाठीच्या मणक्यांना नेमका याच हादर्‍यांचा मार वाढतो. उलट ती फार सैल राहिली तर होडीसारखी डुलते आणि मागची मुले उलट्या करतात.

आता पहिली गोष्ट. नवे काही टाकण्याआधी जुने काय झिजले आहे ते शोधावे. ‘सस्पेन्शन गेले’ या एका वाक्यात मेकॅनिक दहा वेगवेगळ्या गोष्टी बसवतो आणि त्यातल्या निम्म्या स्वस्त असतात. सुरुवात टायरपासून करावी. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. पंपावरचा मुलगा सवयीने भरतो ती हवा बरोबरच असेल असे नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला तक्ता असतो, त्यातला आकडा वाचावा आणि टायर थंड असताना तेवढी हवा ठेवावी. घरात हौसेने मोठ्या रिमची चाके बसवली असतील तर रबराची जाडी तेवढीच कमी झाली आहे. मग धक्क्याचे खापर शॉकअपवर फोडण्यात अर्थ नाही. जुन्या मापाची चाके परत चढवली तर निम्मी तक्रार तिथेच मिटू शकते.

त्यानंतर रबरी बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि पुढच्या स्ट्रटवरची माउंटिंग. लहान खड्ड्यात खट्-खट् आवाज येतो तो पुष्कळदा लिंक रॉडचा, आणि स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग कडकडली तर माउंटिंगकडे पाहावे. शॉकअप गेल्याची लक्षणे निराळी. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ, ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली जाणे, टायरवर वाटीसारखी ठिकठिकाणची झीज. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा अजून कामाची आहे. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपले. मात्र या परीक्षेत गाडी पास झाली म्हणून शॉकअप चांगलेच आहेत असे मात्र समजू नये, कारण हाताचा जोर तो किती. अंतर्गत झडपा गेलेला शॉकअप हळू दाबाला साथ देतो आणि वेगात दगा देतो.

हा दगा निव्वळ गैरसोयीचा नसतो. शॉकअप थकला की चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, उड्या मारते. उडालेले चाक ना ब्रेक ऐकते ना स्टिअरिंग. आलमबागेतल्या वीसच्या वेगात हे कळतही नाही. तीच गाडी सुटीत आग्र्याला निघते तेव्हा कळते. शहराच्या पश्चिमेला सुरू होणारा ३०२ किलोमीटरचा आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे नोव्हेंबर २०१६ मध्ये खुला झाला आणि त्या वेळी त्यावर हवाई दलाची लढाऊ विमाने उतरवून दाखवली होती. इतका सरळ रस्ता, गाडीत पाच माणसे, डिकीत बॅगा आणि फराळाचे डबे. पुढचा ट्रक अचानक बाजूला सरकतो आणि चालक स्टिअरिंग झटक्यात वळवतो. त्या क्षणी मागची बाजू डुलत राहणार की सावरणार हे शॉकअप ठरवतात. रोजच्या गाडीची खरी अडचण हीच आहे. तिला सोमवारी गल्लीत मऊ राहायचे असते आणि सुटीत महामार्गावर खंबीर.

त्यामुळे सुधारणाच करायची ठरली तर पैसे आधी शॉकअपवर घालावेत. बाजारात मूळ कंपनीच्या जातीचे तेलाचे शॉकअप मिळतात आणि त्यांच्यापेक्षा वरचे, कमी दाबाचा नायट्रोजन वायू भरलेलेही. वायूमुळे खराब रस्त्यावर सतत चालताना तेलाला फेस येत नाही आणि शॉकअपची पकड शेवटपर्यंत टिकते. उखडलेल्या रस्त्यांवर रोज चालणार्‍या गाडीला हा खर्च पटण्यासारखा आहे. एकाच जाड नळीचे, जास्त दाबाचे शॉकअपही मिळतात आणि शर्यतीच्या हौशी मंडळींत त्यांचे कौतुक आहे. पण आजींच्या मणक्यांचा विचार करता त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. महाराष्ट्राला हा माल परका नाही, १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. कोणत्याही कंपनीचे घ्या, पण आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेले घ्या, पक्के बिल घ्या आणि पुढचे दोन किंवा मागचे दोन अशी जोडीच बदला. एका बाजूचा नवा आणि दुसर्‍या बाजूचा थकलेला असला की ब्रेक मारताना गाडी तिरकी ओढते.

स्प्रिंगला सहसा हात लावू नये. ती तुटली किंवा बसली तरच बदलावी, आणि शक्यतो मूळ मापाचीच. याला एक रास्त अपवाद आहे. ज्यांनी डिकीत सीएनजीची टाकी बसवून घेतली आहे, त्यांच्या गाडीत एक मोठा माणूस कायम मागे बसल्यासारखेच असते. मागची बाजू बसते, त्यात पाहुणे बसले की गतिरोधक पोटाला घासतो. अशा गाडीला मागे थोडी जास्त वजन तोलणारी स्प्रिंग आणि तिला साजेसा शॉकअप घालणे शहाणपणाचे आहे. काही गाड्यांच्या कारखान्यात बनलेल्या सीएनजी मॉडेलची मागची स्प्रिंग वेगळी असते. आधी तीच लागू पडते का ते पाहावे.

आणि हो, ते रबरी बफर! स्प्रिंगच्या वेढ्यांत दाबून बसवायच्या रबरी किंवा पारदर्शक चकत्या पाच मिनिटांत बसतात, गाडी ताबडतोब उंच होते आणि दुकानदार लगेच गतिरोधक ओलांडून दाखवतो. त्या इतक्या खपतात, याचे कारण हेच. पण त्या नेमके काय करतात? स्प्रिंगचे एक-दोन वेढे कामातून बाद करतात. उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण, म्हणजे स्प्रिंग कडक, आणि कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअप मात्र जुनाच. गतिरोधकावर पोट घासत नाही, हा फायदा खरा. त्याची किंमत मागच्या सीटवर वसूल होते, आणि एक्सप्रेसवेवर जास्तच. गाडी रिकामी असताना त्या घेतल्या तर मागची बाजू चेंडूसारखी उसळते. आठ-दहा दिवसांचा ओझ्याचा प्रवास असेल तर त्या बसवून परतल्यावर काढून टाकणे समजू शकते. कायमच्या ठेवण्यासारखी ती वस्तू नाही.

गाडी सरळ उंच करून घेणे किंवा शोभेसाठी खाली बसवणे, हे दोन्ही घरगुती गाडीला न शोभणारे उद्योग. उंच गाडी वळणावर जास्त कलते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात. शिवाय कायद्याचा प्रश्न आहे. नोंदणीच्या कागदांवरचा तपशील बदलेल असे फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मॉडेलचा नवा बसवणे ही दुरुस्ती झाली. गाडीची उंचीच बदलली तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल हे आधीच विचारून ठेवावे.

काम करून घेताना स्वतः उभे राहावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, तेव्हा ती दाबून धरण्याचे योग्य हत्यार कारागिराकडे आहे ना, हे पाहावे. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे असतात ते गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर पूर्ण वजन आल्यावर. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. घाईच्या दिवशी कारागीर नेमके हेच टाळतो. यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे आणि पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावे.

मग परीक्षा. पहिल्या फेरीला चालवणार्‍याने एकट्याने जावे, दुसर्‍या फेरीला घरच्या सगळ्यांना बसवून. नेहमीचाच रस्ता, नेहमीचेच गतिरोधक. ज्याने पैसे दिले त्याने या फेरीत चावी दुसर्‍याकडे देऊन मागे, मधल्या जागी बसावे. तिथे पाठ काय सांगते ते ऐकावे आणि कारागिराला पूर्ण पैसे त्यानंतरच द्यावेत.

जुने शॉकअप दुकानात सोडून येऊ नयेत. नळीला भोक पाडून, नवे तेल भरून आणि वर काळा रंग मारून असे शॉकअप पुन्हा विकणारे लोक आहेत, आणि तो माल नव्याच्या शेजारीच मांडलेला असतो. स्प्रिंग बदलली असेल आणि जुनी धड असेल तर तीही घरी आणावी. गाडी विकताना घेणारा मूळ स्प्रिंग मागू शकतो.