वॅट मोजून द्या

चिवड्याच्या पाकिटावर 200 ग्रॅम छापलं तर आत 200 ग्रॅम चिवडा असायलाच हवा, असा कायदा आपल्याकडे आहे. स्पीकरच्या खोक्यावर मात्र ‘5000 वॅट पीएमपीओ’ छापून आत वीस वॅटचा मामला भरला, तरी कुणी हटकत नाही. वजनमापाचा नियम त्या खोक्यालाही लागतो, पण तो विचारतो नगसंख्या आणि कमाल किरकोळ किंमत. ‘1 नग’ छापलं की मोजमाप संपलं. गिऱ्हाईक ज्या आकड्यावर भुलून पैसे मोजतं, त्या आकड्याला मापच नाही. हे बदलायला हवं, आणि ते अवघड नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

मी आवाजाचा इंजिनिअर नव्हे. एचएएलच्या ओझर कारखान्यात विमानाच्या सांगाड्यावर रिव्हेट मारत नोकरी केली आणि संध्याकाळी घरी स्पीकरचे डबे ठोकले. कारखाना 1964 सालचा; मिग इथे इतकी वर्षं बनली की अजूनही पत्त्यात ‘ओझर मिग’ लिहितात. आता सुखोई डोक्यावरून जाते तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्यामुळे मोठ्या आवाजाचं अप्रूप आमच्या गावाला कमी असायला हवं होतं. तसं काही दिसत नाही.

डबा बघायला येणारा पोरगा पहिला प्रश्न एकच विचारतो, “काका, किती वॅटचा?” दहा म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग मी आधी गाणं लावतो, गणित नंतर सांगतो.

बाजारातल्या पुष्कळ घरगुती अँपमध्ये 4440 चा बोर्ड असतो. रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा हा जुना लाडका आयसी. बनवणाऱ्या सान्यो कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची ताकद दोन चॅनेलना प्रत्येकी 6 वॅट आणि ब्रिजमध्ये जोडला तर 19 वॅट अशी दिली आहे. तोच बोर्ड पत्र्याच्या पेटीत घातला की वर 200 वॅटचं स्टिकर चिकटतं. सोबतचा अडॅप्टर 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा, म्हणजे 24 वॅटचा. आत 24 येतात तर बाहेर 200 कुठून पडतील? दुकानदार म्हणेल, कपॅसिटरमधून क्षणभर जास्त मिळतात. पण क्षणभरासाठीही व्होल्टेजची कमाल मर्यादा 12 च राहते. ब्रिजमध्ये 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, न फाटलेला आवाज द्यायचा तर हिशेब 18 वॅटच्या पुढे जात नाही. पीएमपीओला, म्हणजे खोक्यावरच्या त्या क्षणिक कमाल ताकदीच्या आकड्याला, तर सर्वमान्य प्रमाणच नाही. ज्याला जो आकडा आवडेल तो त्यानं छापावा. तेव्हा खरेदी करताना खोक्याचं तोंड पाहू नका, यंत्राची पाठ पाहा. पाठीवरच्या बारीक स्टिकरवर ते विजेचे किती वॅट घेतं हे लिहिलेलं असतं, आणि ते बहुधा खरं असतं.

शिवाय वॅट म्हणजे आवाज नव्हे. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, ही त्याची संवेदनशीलता. 84 डेसिबलच्या स्पीकरला 40 वॅट लागतील तिथे 90 डेसिबलचा स्पीकर 10 वॅटमध्ये तेवढाच वाजतो. हा आकडा खोक्यावर मला जवळपास कधीच दिसत नाही. बैठकीच्या खोलीत रोजचं ऐकणं एखाद-दोन वॅटमध्ये भागतं. व्हॉल्व्हचे रेडिओ चार-पाच वॅटच्या आतबाहेरचे असत, आणि बिनाका गीतमाला अख्ख्या आळीला ऐकू जाई.

मग चांगला आवाज येतो कुठून? निम्मा डब्यातून, असं माझं मत आहे. वूफरचा कोन पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे. ती मागची हवा आवरणं हे डब्याचं काम. बारा मिलिमीटरच्या प्लायचा पोकळ डबा बोटानं ठोकला तर ‘ढब’ असा आवाज येतो, आणि तोच ढबढबाट तबल्याच्या डग्ग्यात मिसळतो. विमानाचा पत्रा पातळ असतो, पण आतून रिब आणि स्ट्रिंजर त्याला धरून ठेवतात. हँगरमध्ये शिकलेली हीच गोष्ट मी डब्यात करतो: 18 मिलिमीटरचं प्लाय, आतून आडव्या पट्ट्या, त्याही बरोबर मध्यावर नाहीत. सुतार सुरुवातीला हसला होता. “काका, डबा आहे का तिजोरी?” आता न सांगता पट्ट्या कापून ठेवतो.

डबा केवढा करायचा हेही अंदाजानं ठरवायची गरज राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित मांडून ठेवलं. वूफर नैसर्गिकपणे किती कंपनांवर घुमतो आणि कोनावर ठरावीक वजन ठेवल्यावर ती घूम किती खाली उतरते, हे मोजलं की डब्याचे लिटर काढता येतात. वजन म्हणून मी नाणी चिकटवतो. बाकी आकडेमोड विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. डब्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला, म्हणजे पोर्टला, द्राक्षबागेच्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी तुकडा उत्तम.

वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरची कॉइल मी रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतो. सबमर्सिबल मोटारी भरणाऱ्या हाताला हे काम म्हणजे करमणूक. 8 ओहमला 3000 हर्ट्झवर विभागणी करायची तर सर्वांत साध्या रचनेत 0.42 मिलिहेन्रीची कॉइल वूफरला आणि 6.6 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ट्वीटरला. हे आकडे सुरुवातीपुरते, कारण वूफरचे 8 ओहम सगळ्या सुरांना 8 राहत नाहीत. पुढे एलसीआर मीटर लावून वेढे कमी-जास्त करायचे आणि ऐकायचं. लोक सुधारायला म्हणून जे डबे आणतात त्यात वूफर थेट जोडलेला आणि ट्वीटरला एकच स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, असंच बहुतेकदा सापडतं. कॉइल घातली, चांगला फिल्म कपॅसिटर लावला, आत पट्ट्या मारल्या, भिंतीच्या कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला आणि उघड्या फरशीवर सतरंजी टाकली, की मालक विचारतो, “वॅट वाढवले का?” एकही नाही.

अमेरिकेतही हा आकड्यांचा तमाशा होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 1974 साली नियम केला: घरगुती अँपची ताकद जाहीर करायची तर किती ओहमला, कोणत्या सुरांच्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह, हे सांगून सलग मिळणारी ताकदच सांगा. 2024 मध्ये तो आणखी घट्ट केला. आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही; मोजून देण्याघेण्याचा धडा इथल्या पाण्यातच आहे. पूर्वी कालव्याचं पाणी पिकावर आणि एकरावर आकारलं जाई. आमच्या ओझरात बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि नव्वदच्या दशकात शेतकरी मोजून पाणी घ्यायला, मापाचे पैसे भरायला लागला. चारीवर माप बसवणं स्पीकर मोजण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

नियम आला तर गल्लीतला छोटा असेंबलर मरेल, असा आक्षेप येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. 8 ओहमचा जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर, मोबाइलमधून वाजवलेला 400 हर्ट्झचा सूर, मल्टिमीटर, आणि लाट फाटते कुठे हे दाखवणारा एखादा स्वस्त छोटा ऑसिलोस्कोप. फाटण्याच्या जरा आधी मीटर 12 व्होल्ट दाखवत असेल तर 144 भागिले 8, म्हणजे 18 वॅट. चहा निवायच्या आत काम होतं. माझ्या ओळखीच्या एका असेंबलरला मी हे करून दाखवलं. त्याला पटलंही. मग म्हणाला, “काका, मी 18 लिहायला तयार आहे. पण शेजारचा 500 लिहितो ना, पोरं त्याच्याकडं जातात. त्यालाही 18 च लिहायला लावा, मी उद्यापासून छापतो.”