मुक्या जिवाचे मोल

आमच्या घरची आठ महिन्यांची मनी गच्चीवरून पडली व तिचे मागील पाय लुळे झाले. क्ष-किरणचित्रात मणका मोडलेला दिसला. शस्त्रक्रियेचा खर्च आमच्या दोन महिन्यांच्या वेतनाएवढा! ‘मांजरापायी इतका पैसा?’ असे शेजारी म्हणाले. प्रश्न योग्य, परंतु विचाराचा आरंभ पैशापासून करू नये. प्रथम पशुवैद्यास विचारावे, पायाचे बोट जोराने चिमटल्यास वेदना कळते काय? न कळल्यास आशा अल्प. तेव्हा शांत मरण देणे हीही दयाच होय. मनीला वेदना कळत होती. वैद्यांच्या संमतीने, कर्ज न काढता, आम्ही तिला सहा आठवडे पिंजऱ्यात निश्चल ठेविले. त्यांनी शिकविल्याप्रमाणे दिवसातून तीनदा मूत्राशय हलकेच दाबून रिकामे केले. आज ती लंगडत चालते. विद्यार्थ्यांनो, प्राणी पाळण्यापूर्वीच या भाराचा विचार करा. पाळल्यावर मात्र हात आखडू नका.