'आजन्म' तेलाचा हिशेब

बँकेत असताना वाहनकर्जाच्या शेकडो फायली माझ्या टेबलावरून गेल्या. कर्जदाराचा पगार, जामीनदार, मागचे हप्ते, सगळं आम्ही तपासायचो. गाडी किती वर्षं टिकेल, हे मात्र कुणी विचारत नसे. आता तो प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

कायद्याने खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. कर्ज बहुधा ५ ते ७ वर्षांचं. मूळ वॉरंटी पुष्कळदा ३ वर्षांची. या आकड्यांमध्ये जी फट राहते, तिच्यातच आजच्या छोट्या एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सापडतो. तो अख्खा बदलायचा झाला, तर बिल लाखांत जातं.

शोरूममध्ये 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द ऐकू येतो. त्यामागे यंत्रं मात्र चार प्रकारची असतात. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं काम आपल्या पायाऐवजी यंत्र करतं. २०१४ साली सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्या मध्यमवर्गाच्या दारात आला. क्लच तोच, म्हणून झीजही तीच. सीव्हीटीत दोन पुलींवर पोलादी पट्टा फिरतो. तेल शिळं झालं की पट्टा घसरू लागतो आणि गाडी थरथरते. ड्युअल क्लचचा कोरडा प्रकार कोंडीत रखडला की तापतो. टॉर्क कन्व्हर्टर जुन्या वळणाचा, पेट्रोल थोडं जास्त पिणारा. पण ताकद तेलातून पोचवत असल्याने कोंडीत सोशिक.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी पाचव्या वर्षी चढावर हिसके देऊ लागली. वॉरंटी संपलेली, हप्ते चालू. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं : "तुमची चालवायची पद्धत चुकते." हे उत्तर जगभर चालतं. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल ग्राहक तक्रारी घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही हेच सांगण्यात आलं होतं. दोषांची कल्पना कंपनीला होती. २०१८ साली तिथल्या न्यायालयाने तिला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. यंत्र बिघडलं म्हणून नव्हे, ग्राहकाला दिलेल्या वागणुकीबद्दल!

माझा खरा राग 'लाइफटाइम ऑइल' या शब्दांवर आहे. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही म्हणे. आयुष्य कुणाचं? गाडीचं, की वॉरंटीचं? तेल उष्णतेने खराब होतं आणि झिजलेल्या धातूचा चुरा त्यात मिसळतो. उन्हाळा, खंडाळ्याचा चढ, सिग्नलला सिग्नल जोडलेलं पुणं, हे सगळं त्या तेलाने सोसायचं. आणि ते अमर असल्याची ग्वाही आपण घ्यायची. बँकेत असली ठेव कुणी आणली असती, तर मी आधी कागद मागितला असता.

तोच कागद आपण मागावा. गिअरबॉक्स चारांपैकी कोणता, त्याचं तेल किती किलोमीटरला बदलायचं, कोंडीत नि घाटात चालणाऱ्या गाडीला तो आकडा किती कमी होतो, आणि वाढीव वॉरंटीत गिअरबॉक्स येतो का, हे सही करण्याआधी लेखी घ्यावं. आपल्या बाजूने पथ्यही पाळावं. एएमटी किंवा ड्युअल क्लचची गाडी चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक दाबावा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं; त्यात वाहनंही आहेत. पण हक्क नुसता पोर्टलवर असून भागत नाही, तो माहितीपुस्तिकेत उतरायला हवा, आणि तोही मराठीत. सात वर्षं हप्ते भरणाऱ्याला सात वर्षं चालणारी गाडी मिळावी, ही काही चैनीची मागणी नव्हे. तो साधा व्यवहार आहे.