निळा तेवढा नीलम नव्हे

खडा खरा की खोटा, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र बहुधा विकणाऱ्याच्याच तोंडून घेतले जाते. साडेसाती लागली, ज्योतिषीबुवांनी नीलम सुचविला, आणि कोणी कापसात गुंडाळलेला निळाभोर स्फटिक पुढे करून ‘हा कच्चा नीलम’ असे छातीवर हात ठेवून सांगितले, तर गृहस्थाने काय करावे? ग्रहपीडेचा विचार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवून आम्ही या महिन्यात एवढाच प्रश्न घेतो की, समोरचा निळा दगड कोणता हे ओळखावे कसे? उदाहरणास घेतो तो पुण्याच्या उंबरठ्यावर सापडणारा, परंतु जगात दुर्मिळ असा खनिज पदार्थ. त्याचे नाव कॅव्हान्साइट.

आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगून ठेवले आहेत. ‘शिंगे असतात ती गाय’ म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटले तर काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘निळा तो नीलम’ या लक्षणात हे दोन्ही दोष एकदम नांदतात. निळी काच निळी, मोरचूद निळा, कॅव्हान्साइटही निळाच. उलट नीलम ज्या कुरुविंदाचा, म्हणजे कोरंडमचा, एक प्रकार आहे, त्याचाच तांबडा प्रकार माणिक होय आणि पिवळा प्रकार बाजारात पुष्कराज म्हणून विकला जातो. तात्पर्य, रंग हा आगंतुक गुण आहे. नीलमाला निळेपणा येतो तो लोह व टायटॅनियम यांच्या अल्पशा अंशाने. कॅव्हान्साइटला तो येतो व्हॅनेडियम या धातूमुळे.

कॅव्हान्साइट हे नावच मुळी घटकांवरून बनविले आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून. या तिहींशिवाय त्यात पाण्याचाही अंश असतो. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगन संस्थानात दोन ठिकाणी सापडले आणि स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे या तिघांनी १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खडीच्या खाणींतून त्याचे असे सुंदर नमुने निघाले की, त्यांनी ओरेगनच्या नमुन्यांस मागे टाकले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्या काळ्या कातळात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि मागाहून झिरपलेल्या उष्ण, क्षारयुक्त पाण्याने त्यांत स्फटिक वाढविले. खाणीतले लोक ज्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात, ते हेच. पांढऱ्या अगर फिकट गुलाबी स्टिल्बाइटच्या आसनावर बसलेला निळा गोंडा, हे वाघोलीच्या कॅव्हान्साइटचे ठरीव रूप होय.

आता परीक्षा. प्रथम भिंगातून आकार पाहावा. कॅव्हान्साइटचे बारीक स्फटिक एका बिंदूपासून सर्व बाजूंस फाकून गोंडा किंवा फूल बनवितात. नीलमाचा कच्चा स्फटिक बहुधा षट्कोनी, दोन्ही टोकांस निमुळता होणारा असतो. निळ्या काचेत पुष्कळदा वाटोळे बुडबुडे दिसतात.

दुसरी परीक्षा काठिण्याची. मोह्ज या जर्मन पंडिताने खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी लावून दिली आहे. तीत हिरा १०, नीलम ९, काच सुमारे साडेपाच, आणि कॅव्हान्साइट अवघा ३ ते ४. नीलम काचेवर सहज ओरखडा काढतो. कॅव्हान्साइटला मात्र पोलादी सुईनेच ओरखडा पडतो. पण सावधान! ही परीक्षा गळून पडलेल्या कणावर करावी. अखंड गोंड्यास सुई लावणे म्हणजे परीक्षेच्या नादात परीक्ष्य वस्तूच गमावणे होय.

तिसरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. सुटा खडा सराफी काट्यावर हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलावा, आणि हवेतील वजनास वजनातील घटीने भागावे. हवेत ८ ग्रॅम, पाण्यात ६. घट २, भागाकार ४. हा नीलम असू शकेल. कॅव्हान्साइटचा भागाकार सव्वादोनच्या आसपास येतो. मात्र खडा कातळास चिकटलेला असला, तर हे गणित निरुपयोगी. शिवाय मोरचुदाचे विशिष्ट गुरुत्वही सव्वादोनच्याच जवळपास आहे! तेथे चौथी परीक्षा उपयोगी पडते: मोरचुदाचा कण पाण्यात विरघळून पाणी निळे होते, कॅव्हान्साइट विरघळत नाही. मोरचूद विषारी असल्यामुळे घरातील मुलांस त्यापासून दूर ठेवावे, हे सांगणे नलगे.

कधी कधी रासायनिक घटकही पुरे पडत नाहीत. वाघोलीसच पेंटॅगोनाइट नावाचे आणखी दुर्मिळ खनिज सापडते. घटक तेच, प्रमाण तेच. केवळ अणूंची रचना निराळी. हिरा आणि शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, तशातला हा प्रकार. पेंटॅगोनाइटचे स्फटिक ताठ, तलवारीच्या पात्यासारखे असतात आणि त्यांच्या जुळणीत पाच टोकांची चांदणी दिसते. तरीही निःसंशय निर्णय क्ष-किरणांच्या परीक्षेनेच होतो.

विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. गळालेले गोंडे दुसऱ्याच गारगोटीवर चिकटवूनही विकले जातात. सांध्याशी भिंगातून चिकट चकाकी दिसली, तर संशय धरावा.

आमच्या दृष्टीने मोठी हानी पुढेच आहे. नीलम म्हणून मोल देऊन बसलेला गृहस्थ, फसगत कळताच, तो स्फटिक ‘खोटा’ म्हणून उकिरड्यावर टाकतो. वास्तविक तो खराखुरा कॅव्हान्साइट असतो आणि संग्राहक त्यासाठी दूरदेशांहून मागणी करतात. अंगठीसाठी तो फार मऊ हे खरे. पण कपाटात काचेआड ठेवून मुलांस दाखविण्याजोगा त्याच्यासारखा धडा नाही. दगड खोटे बोलत नाही. खोटे असते ते त्याला दिलेले नाव. तेव्हा नाव ऐकून दाम मोजण्यापूर्वी, आणि नाव खोटे ठरले म्हणून वस्तू फेकण्यापूर्वी, भिंग हाती घ्यावे, एवढीच वाचकांस विनंती.