गॅल्वेत उतरायचं कुठे?

"एवढा खर्च करून आयर्लंडला गेलात, आणि राहिलात खेड्यात?" परत आल्यावर हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. स्टाफरूममध्ये विचारला, मोहल्ल्यात विचारला, सासरच्यांनी तर फोनवर विचारला. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी कुणी गॅल्वेला जाणार असेल तर माझा सल्ला ठाम आहे. शहरात दोन-तीन दिवस जरूर राहा, पण शेवटच्या दोन रात्री शहराबाहेर काढा, आणि त्याही एखाद्याच्या घरात.

माझी धाकटी बहीण तिथे नर्स आहे. तिचं घर इतकं लहान की आम्ही तिघं तिथे मावणं शक्य नव्हतं. घरं मिळत नाहीत, मिळाली तर भाडं परवडत नाही, हे रडगाणं तिथे मुंबईसारखंच. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मी, आमचे हे आणि चौदा वर्षांची लेक असे गेलो ते बाहेरच उतरायचं ठरवून. डब्लिनला विमान, तिथून बसने अडीच-तीन तास पश्चिमेला. गॅल्वे अटलांटिकच्या काठावर आहे आणि पाऊस कधी येईल याचा नेम नाही. मी रत्नागिरीची, मला पावसाचं काय! पण हा पाऊस आडवा येतो. छत्री नेऊ नका, टोपीचं जाकीट न्या.

पहिल्या तीन रात्री सॉल्टहिलला काढल्या. शहराला लागून समुद्राकाठी असलेला हा भाग. न्याहारीसह खोली देणारी घरगुती ठिकाणं इथे बरीच आहेत. फक्त जुलैच्या उत्तरार्धात जाऊ नका. आधी कला महोत्सव असतो आणि महिनाअखेरीला घोड्यांच्या शर्यती, तेव्हा खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. सॉल्टहिलच्या किनाऱ्यावर फिरायला लांबलचक रस्ता आहे. त्याच्या टोकाला जाऊन भिंतीला हलकी लाथ मारायची आणि मगच मागे फिरायचं, अशी तिथल्या लोकांची रीत. का, ते कुणी खात्रीने सांगत नाही. आम्हीही मारली. मे महिन्याच्या शेवटी तिथे सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो. अस्र झाली तरी दिवस संपता संपत नाही, मगरीबची वाट पाहता पाहता रात्रीचं जेवण जिरून जातं.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना चिंता असते, म्हणून थोडं तपशिलात. तिथल्या भरगच्च न्याहारीत डुकराचे सॉसेज, बेकन आणि रक्ताचं पुडिंग असतं. आदल्या रात्रीच सांगून ठेवलं तर अंडी, मशरूम, टोमॅटो आणि खपली गव्हासारखा खरबरीत ब्राऊन ब्रेड मिळतो. तो ब्रेड आणि तिथलं लोणी यावर मी आठवडा काढला असता. माशांच्या दाटसर सूपमध्येही कधी कधी बेकन किंवा वाइन असते, आणि काही दुकानांत मासे-चिप्स जनावराच्या चरबीत तळतात. विचारायला लाजू नका, कुणी वाईट मानत नाही. हलाल मांसाची पंचाईत नाही. शेजारच्या मेयो काउंटीत बॅलिहॉनिस नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे हलाल मांसाच्या कारखान्यामुळे मुसलमान वस्ती झाली आणि 1987 मध्ये मशीदही उभी राहिली.

पण गॅल्वेला जाऊन मटण कशाला? तिथे म्हावरा खायचा. आणि कालवं. इथे मात्र आमच्या घरात मसलकी वाद झाला. मी कोकणी, म्हणजे शाफई, मला समुद्रातलं सगळं चालतं. आमचे हे परभणीचे, पक्के हनफी, मासळीपलीकडे हात लावत नाहीत. ते पलीकडे तोंड करून बसले आणि मी कच्च्या कालवावर लिंबू पिळून गिळलं. प्रामाणिकपणे सांगते, समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं लागलं. आमच्याकडच्या मसाल्यातल्या कालवांची सर त्याला नाही.

शहर पायी बघण्याएवढंच आहे. 1584 मध्ये तटबंदीला जोडून बांधलेली स्पॅनिश कमान, तिच्यालगत शहराचं संग्रहालय, तिथून पुढे नदीकाठची रंगीत घरं, समोर हंस. सेंट निकोलस हे 1320 च्या सुमाराचं चर्च. शनिवारी त्याच्या बाजूला बाजार भरतो, तो चुकवू नका. कमानीसमोर नदीपलीकडे क्लाडा. दोन हातांत हृदय आणि वर मुकुट अशी जी अंगठी जगभर विकली जाते, तिचं नाव या कोळीवाड्यावरून पडलंय. अंगठ्यांची दुकानं पावलापावलावर आहेत. कोळीवाडा मात्र नाही. गवताने शाकारलेली जुनी घरं 1930 च्या दशकात पाडली आणि तिथे नगरपालिकेची सरळ रांगेतली घरं आली. घरं आरोग्याला बरी झाली असतील, मी नाही म्हणत नाही. पण ते कोळी आयरिश बोलायचे. मिरकरवाड्याचा बाजार डोळ्यांसमोर असलेल्या बाईला त्या नीटनेटक्या गवतावर उभं राहून कसंतरीच झालं.

आता मुद्द्यावर येते. गॅल्वेत प्रत्येक पाटीवर दोन भाषा. वर आयरिश, खाली इंग्रजी. शहराचं नावच गालिव्ह. आयर चौकात पॉड्रिक ओ कोनेरा या आयरिश भाषेतल्या लेखकाचा टोपीवाला, बुटका पुतळा बसलेला आहे. मूळ पुतळ्याचं डोकं 1999 मध्ये कुणी तोडलं, तो दुरुस्त करून संग्रहालयात नेला आणि चौकात त्याची प्रतिकृती बसवली. चौकात भाषेचा लेखक बसवणारं शहर! उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरणीला आणखी काय हवं? मी पाट्यांचे फोटो काढत सुटले. 1928 पासून चालू असलेलं आयरिश नाट्यगृह पाहिलं. आणि तीन दिवसांत दुकानात, बसमध्ये, बाकावर, कुठेही आयरिश बोललेली माझ्या कानावर पडली नाही. एकदा वाटलं पडली म्हणून, तर ती पोलिश निघाली.

1937 च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा केलं. शाळेत ती सगळ्यांना शिकवतात. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी ती येते असं लिहिलं, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले 72 हजारांच्या आत. शिक्षक म्हणून हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले आणि पोटात गोळा आला. माझ्या वर्गातून दरवर्षी उर्दू 'येणारी' मुलं बाहेर पडतात. ती पुढे कुठे बोलतात?

म्हणून बहिणीने शेवटच्या दोन रात्रींची सोय अन स्पिडेल या गावी केली होती. इंग्रजीत स्पिडल. गॅल्वेहून पश्चिमेला किनाऱ्याने बसने जेमतेम पाऊण तास. हा आयरिशभाषकांचा पट्टा. या पट्ट्यात 2005 पासून गावांच्या इंग्रजी नावांना सरकारी मान्यता नाही, पाट्या फक्त आयरिशमध्ये. त्याच किनाऱ्यावर पुढे 1972 पासूनचं आयरिश रेडिओ केंद्र आणि 1996 पासूनची दूरचित्रवाहिनी आहे. पण ज्यासाठी मी हे लिहितेय ते रेडिओत नाही, स्वयंपाकघरात सापडलं.

तिथे 'बॅन अ ती' म्हणून एक संस्थाच आहे. शब्दशः घरधनीण. दर उन्हाळ्यात देशभरातून हजारो मुलं तीन तीन आठवडे आयरिश शिकायला या गावांत येतात. सकाळी वर्ग, आणि राहणं-जेवणं गावातल्या घरांत. मुलं घरात ठेवण्यासाठी सरकार त्या बाईला मुलामागे अनुदान देतं. अट एकच: घरात आयरिश बोलायची. इंग्रजी बोलताना पुन्हा पुन्हा सापडलेल्या मुलाला घरी पाठवल्याच्या गोष्टी तिथे सगळ्यांना ठाऊक आहेत. आम्ही उतरलो त्या घरी जूनच्या पहिल्या तुकडीची तयारी चालली होती. दुमजली खाटांवर चादरी घालणं सुरू होतं. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी असेल.

दारातच तिने तिच्या भाषेत सलाम केला: 'जीया ग्विच', म्हणजे देव तुझ्यापाशी असो. याचं उत्तर तेवढंच द्यायचं नसतं, वाढवून द्यायचं असतं: देव आणि मरियम तुझ्यापाशी असोत. मी चकित झाले. आपल्याकडेही 'अस्सलामु अलैकुम'ला 'व अलैकुम अस्सलाम व रहमतुल्लाह' म्हणून वाढवूनच देतात ना! मरियमचं नाव तिथपर्यंत पोचलेलं पाहून बरं वाटलं, तरी उत्तरापुढे मी जरा अडखळले. तिला ते समजलं, आणि ती हसून चहा ओतायला लागली.

रात्री जेवायला बांगडा होता. आपल्यापेक्षा लांब आणि तेलकट, पण बांगडाच. बाईने लेकीला एकेक शब्द शिकवायला घेतला. ब्रेडला अरान. मग पांढरी बरणी पुढे करून म्हणाली, "सालन." आम्ही तिघं खो खो हसलो, कारण बरणीत मीठ होतं. आमचं सालन कसं असतं ते मी तिला सांगितलं, तीही हसली. मग लेकीला विचारलं, "तुमच्या घरात मिठाला काय म्हणतात?"

लेक गप्प. मग माझ्याकडे वळून हळूच, इंग्रजीतच, म्हणाली, "अम्मी, कोणता शब्द सांगू?"

नमक सांगायचं की मीठ? तिच्या बापाच्या घरी नमक, माझ्या आईच्या घरी मीठ. आणि आमच्या स्वतःच्या घरात? आमच्या घरात, खरं सांगायचं तर, सॉल्ट. मी बीएड केलेली बाई, एका तासाला उर्दू शिकवते, दुसऱ्या तासाला मराठी, आणि माझी मुलगी इंग्रजी माध्यमात. तिला अडचण पडू नये म्हणून आम्ही घरातही हळूहळू तिच्याच भाषेवर आलो. कोकणी तर मी फक्त आईशी बोलते, तेही फोनवर.

भांडी पुसता पुसता बाईने जुन्या शाळांतली गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवायचे. आयरिश शब्द तोंडून गेला की काठीवर एक खाच, आणि खाचा मोजून शाळेत मार. खाचा पाडायला घरी आईबापच मदत करायचे. बटाट्याच्या दुष्काळात सगळ्यात जास्त मेले ते पश्चिमेचे आयरिश बोलणारे गरीब. जे जगले त्यांना बोस्टनला जायचं होतं, आणि बोस्टनला इंग्रजी लागत होती. सॉल्टहिलच्या वाटेवर आम्ही एक छोटं स्मारक पाहिलं होतं, 1847 मध्ये भुकेने मेलेल्या सीलिया ग्रिफिन नावाच्या सहा वर्षांच्या मुलीचं. ते पाहिल्यावर त्या आईबापांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण माझ्या दारात कुठला दुष्काळ होता? मी कुणाच्या गळ्यात काठी अडकवली नाही, एवढंच.

आपल्याकडे दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. उर्दूसाठी आपण मुशायरे भरवतो, पहिल्या रांगेत पुढारी बसवतो. असू दे, पाटी आणि मुशायरा दोन्ही हवेत. पण गॅल्वेत पाट्यांची कमी नाही, आणि तिथे मला भाषा ऐकू आली नाही. ऐकू आली ती चादरी घालणाऱ्या, मीठ पुढे करणाऱ्या बाईच्या घरात. सरकारने तिला पैसे दिले आणि मुलं पाठवली. आपल्या मंडळांनी आणि उर्दू अकादमीने मला विचारलं, तर मी पुढच्या मुशायऱ्याचे पैसे कोकणातल्या चार नान्यांना द्यायला सांगेन.

कुणी विचारत नाही तोवर मी आपली सोय पाहिली आहे. दिवाळीच्या सुट्टीत लेक रत्नागिरीला नानीकडे जाणार, पूर्ण सुट्टीभर. आईला बजावलंय, इंग्रजीत काही मागितलं तर ऐकू आलं नाही म्हणायचं. आई म्हणाली, ऐकू तसंही कमीच येतं. लेक रुसलीय. नानीकडे वायफाय नाही म्हणते.

तर, खोली शोधताना लक्षात ठेवा. जून ते ऑगस्ट त्या गावांतल्या घरधनिणींकडे जागा नसते, खाटा मुलांनी भरलेल्या असतात. मे किंवा सप्टेंबरमध्ये जा. सप्टेंबरात देशी कालवांचा हंगामही सुरू होतो, शाफई असाल तर.