रुळापासून लांब, फोटोच्या जवळ

पाऊस सुरू झाला की खंडाळ्याचा घाट, कसाऱ्याचा घाट आणि कोकण रेल्वे यांचे फोटो सगळीकडे दिसायला लागतात. धुक्यातून बाहेर पडणारी डेक्कन क्वीन, बोगद्याच्या तोंडाशी हिरवागार डोंगर, मालगाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं. ते बघून दरवर्षी कॉलेजमधली काही मुलंमुली कॅमेरा घ्यायचं मनावर घेतात. थोडे घरून, थोडे पार्ट-टाइम कामाचे, असे पैसे जमतात. बॉडी ठरते आणि गाडी एका प्रश्नावर अडते : लेन्स कोणती?

या प्रश्नाला साधारण तीन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, प्राइम घे, झूमपेक्षा शार्प. दुसरा म्हणतो, एकदाच १८-३०० घेऊन टाक, कटकट मिटली. तिसरा म्हणतो, थांब, पैसे साठव, ७०-२०० एफ २.८ शिवाय मजा नाही. तिन्ही सल्ले देणारे आपापल्या जागी बरोबर असतात. पण रेल्वे हा विषय वेगळा आहे, आणि त्यासाठी माझं मत चौथंच आहे. पहिली लेन्स मधल्या पल्ल्याची झूम असावी. म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्याला १८-१३५ किंवा १८-१४०, आणि फुल फ्रेमला २४-१०५ किंवा २४-१२०. तिच्याइतकं काम बाकीच्या तिघी मिळूनही करत नाहीत, असं मला वाटतं. का, ते सांगतो.

अठरा सेकंद

बावीस डब्यांची एलएचबी गाडी इंजिन धरून साधारण साडेपाचशे मीटर लांब असते. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला तीस मीटर. म्हणजे इंजिन तुमच्यासमोरून गेल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंत जेमतेम अठरा सेकंद मिळतात. वळणावर गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा ती अर्धा किलोमीटर लांब असेल, तर ती तुमच्यापर्यंत पोचायलाही तेवढाच वेळ.

एवढ्या वेळात काय काय घडतं बघा. आधी लांबून वळण घेणारी अख्खी गाडी. मग इंजिनाचा तोंडावरचा फोटो. मग बाजूने पळणारे डबे, दारात उभी माणसं. आणि घाटात चढणारी गाडी असेल तर सगळ्यात शेवटी मागून ढकलणारी बँकर. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या दोन्ही घाटांत चढ १ : ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून तिथे मागून इंजिनं जोडावी लागतात, आणि बऱ्याचदा खरा फोटो गाडीच्या शेपटीलाच असतो. प्राइम लेन्स कितीही शार्प असली तरी या चारपैकी एकच फोटो ती नीट देणार. लेन्स बदलायला घेतली तर गाडी गेली, वर पावसाचे थेंब थेट सेन्सरवर. तेव्हा प्राइमचा मुद्दा इथेच संपतो. पोर्ट्रेटला ती जरूर वापरा.

प्रश्न उभं राहण्याचा आहे

आता महत्त्वाचं. लेन्स निवडताना आपण खरं तर रुळापासून किती लांब उभं राहायचं ते निवडत असतो.

साधं गणित करू. इंजिनाची उंची सुमारे सव्वाचार मीटर. आडव्या फ्रेमच्या उंचीचा एक तृतीयांश भाग इंजिनाने व्यापावा, असं धरू. फुल फ्रेमच्या हिशेबाने १०५ मिमी लेन्स असेल तर हा फोटो पन्नासएक मीटरवरून मिळतो. २०० मिमी असेल तर शंभर मीटरवरून. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिमीच्या आसपास असतो, त्याने तोच फोटो हवा असेल तर बारा-तेरा मीटरवर यावं लागतं. इंजिनाने फ्रेम आणखी भरावी असं वाटलं, की सहा-सात मीटर. म्हणजे जवळपास रुळालगत.

शिवाय वाइड लेन्स डोळ्याला फसवते. स्क्रीनवर गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. लांब आहे, लांब आहे म्हणता म्हणता ती एकदम अंगावर येते. मोटारीच्या आरशाचंच तत्त्व, फक्त इथे समोरून येणाऱ्या गाडीला वळता येत नाही आणि ब्रेक मारला तरी ती लगेच थांबत नाही. रुळालगत रील काढताना जीव गमावलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा ‘किती हा मूर्खपणा’ म्हणून पान उलटतो. मूर्खपणा असतोच, पण हातात असलेली लेन्सही माणसाला पुढे ढकलत असते, हे कुणी सांगत नाही.

म्हणून मला झूमचा लांब पल्ला हा शौक वाटत नाही. एपीएस-सीवरची १८-१३५ फुल फ्रेमच्या हिशेबात २०० मिमीच्या पुढे जाते. त्यामुळे फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे, पादचारी पुलावर, रस्त्याच्या उड्डाणपुलावर किंवा बंद फाटकाच्या बाहेर उभं राहून भरलेली फ्रेम मिळते. रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. दूधसागरला पावसाळ्यात रुळांवरून चालत जाणाऱ्यांना रेल्वे का अडवते, ते वेगळं सांगायला नको. पुलावरून फोटो काढताना सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड जाळीबाहेर काढायचा नाही, खालच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. आणि फ्लॅश कायम बंद. लोको पायलटच्या डोळ्यात तो मारणं म्हणजे शेकडो प्रवाशांच्या जिवाशी खेळणं आहे.

मग ३०० का नको?

लांब उभं राहायचं तर ३०० मिमी आणखी चांगली, असं कुणी म्हणेल. पण लांबीलाही मर्यादा असते. पावसात मधल्या धुक्यामुळे लांबची गाडी फिकट दिसते, आणि मे महिन्यात खडीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे पाण्यात हलल्यासारखी. लेन्स कितीही महाग असली तरी त्यावर उपाय नाही. दुसरं, १८ पासून ३०० पर्यंत सगळं एका नळीत बसवायचं म्हणजे तडजोडी आल्या. लांब टोकाला एफ ६.३ इतकाच प्रकाश मिळतो, आणि सरळ रेषा किंचित वाकतात. लग्नाच्या फोटोत हे कुणाला कळतही नाही. पण रूळ, तारा, खांब, फलाटाची कड, पुलाचे गर्डर... रेल्वेत सरळ रेषांशिवाय आहे काय! सॉफ्टवेअरने त्या सरळ करता येतात, हे मान्य. प्रवासात दुसरं काहीच न्यायचं नसेल तर १८-३०० वाईट नाही, हेही मान्य. पण पहिली निवड म्हणून नाही.

राहिली ७०-२०० एफ २.८. लेन्स भारी आहे, प्रश्नच नाही. पण जुन्या-नव्या बहुतेक मॉडेलांचं वजन एक ते दीड किलो, किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर, आणि फलाटावर ७० मिमीच्या आत काहीच टिपता येत नाही. तिचा मोठा फायदा म्हणजे प्रकाश. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ ला चौपट प्रकाश आत येतो. तो खरंच लागतो का? दाट ढगांत, एफ ५.६ आणि १/१००० शटरला आयएसओ साधारण १६०० ते ३२०० लागतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांना तो झेपतो. शिवाय समोरून येणाऱ्या गाडीला १/५०० पुरतं, घाटात वेग कमी असल्याने त्याहूनही कमी चालतं. बाजूने सुसाट जाणाऱ्या गाडीलाच १/१००० किंवा अधिक हवं. लोकलच्या एलईडी इंडिकेटरला तर उलटंच आहे. १/१००० ला ‘ठाणे’चा अर्धा ‘ठा’च उमटतो, अक्षरं पूर्ण हवी असतील तर शटर १/१०० च्या आसपास आणावं लागतं.

स्वस्त झूमची एक खोड मात्र माहीत असावी. एफ ३.५-५.६ असं लिहिलेलं असेल तर झूम करताना अॅपर्चर आपोआप लहान होतं आणि मॅन्युअल मोडमध्ये उजेड बदलतो. उपाय सोपा, पहिल्यापासून एफ ५.६ लावून ठेवायचं. मग लांब टोकापासून रुंद टोकापर्यंत गाडी आली तरी उजेड तोच.

रुंद टोकाची किंमत

आत्तापर्यंत लांब टोकाची बाजू मांडली. पण मला विचाराल तर या लेन्सचं सोनं तिच्या रुंद टोकाला आहे.

रेल्वे आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला, आणि वर्षानुवर्षं त्या बोगद्यांमधून घुमणारी डिझेल इंजिनं तिथल्या रोजच्या गाड्यांवरून मागे हटली. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांची जागा एलएचबी घेतायत. विदर्भातली नॅरोगेज शकुंतला बंद पडली. या सगळ्याचे फोटो कुणी काढले? बरेचसे हौशी लोकांनीच. आणि त्यातले आज कोणते फोटो बघावेसे वाटतात? निव्वळ इंजिनाचा तोंडभरून फोटो छान असतो, पण तसे शेकडो सापडतात. सापडत नाही ते आजूबाजूचं : तीन भाषांतली पिवळी पाटी, लाकडी बाक, वडापावची गाडी, हिरवा झेंडा धरलेला कर्मचारी, गाडीकडे बघणारं पोर. हे सगळं २४-२८ मिमीत मावतं. १९०७ पासून धावणाऱ्या नेरळ-माथेरानच्या दोन फुटी गाडीला तर लांब लेन्सची फारशी गरजच नाही. झाडी दाट, वळणं आखूड, वेग बेताचा. तिथे रुंद टोकच कामाला येतं.

एक सवय मात्र लावून घ्या. फोटोबरोबर तारीख, ठिकाण, गाडीचा आणि इंजिनाचा नंबर लिहून ठेवा. वीस वर्षांनी तोच फोटो दस्तऐवज होतो.

घेताना

नवीनच हवी असं नाही. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी सेकंडहँड लेन्स मिळतात. दुकानात लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ परत द्या. झूम रिंग अडकत नाही ना, तोंड खाली केल्यावर नळी आपोआप घसरत नाही ना, दोन्ही टोकांना ऑटोफोकस लागतो ना, तेही तपासा. मुंबई-कोकणच्या दमटपणात घरी आणलेली लेन्स कपाटात बॅगेसकट कोंबू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यात काम भागतं. स्वस्त लेन्सला पाण्यापासून संरक्षण नसतं, म्हणून घाटात जाताना हूड, छत्री आणि एक रबरबँड लावलेली प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेवा.

आणि कॅमेऱ्याला किट लेन्स म्हणून १८-५५ आलीच असेल, तर घाई करू नका. एक पूर्ण सीझन तिच्यावर काढा. मग काढलेल्या फोटोंची माहिती उघडून बघा, कोणत्या मिमीला तुम्ही सारखे अडत होता ते कळेल. ५५ ला अडून पाय पुढे जायला लागले असतील, तर मात्र पाय तिथेच ठेवा आणि लेन्स बदला.